विश्लेषण : बोर्डवर हायलाइट्स १,९९९ रुपयांत, बिल ४,६०० रुपये, मधल्या तीन तासांत केसांचं नेमकं काय होतं?

तुळशीची लग्नं आटोपली की सलूनच्या काचांवरचे बोर्ड बदलतात. फेशियल, थ्रेडिंग, हेअर स्पा हे बाराही महिने असतं. लग्नसराईत मोठ्या अक्षरांत झळकतं ते ‘हायलाइट्स फक्त १,९९९ रुपयांपासून’. मामेबहिणीचं लग्न तीन आठवड्यांवर आलेलं असताना कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीखालच्या सलूनमध्ये मी शिरले, ती हाच बोर्ड वाचून. मोबाइलमध्ये फोटो तयार होता : राखाडी झाक असलेल्या, खांद्यावर रुळणाऱ्या सोनेरी बटा. कट आणि हायलाइट्स मिळून तास-दीड तासात मोकळी होईन, असा माझा हिशेब.

त्या दिवशी केसांना काहीच लागलं नाही. सलून चालवणाऱ्या ताईंनी आधी चार-पाच प्रश्न विचारले, टोकाचे दहा-बारा केस कापून एका वाटीत बुडवले, कानामागे रंगाचा एक ठिपका लावला आणि म्हणाल्या, “परवा या.” लग्नाची खरेदी सोडून आलेल्या माणसाला असं परत पाठवलं तर वैताग येतोच. मला आला. आता वाटतं, त्या दिवसाची वीस मिनिटं हाच त्या सगळ्या खर्चातला सगळ्यात मोलाचा भाग होता, आणि त्याचे पैसे त्यांनी लावलेही नाहीत.

‘पासून’ या शब्दाचा अर्थ काय?

बोर्डवरचे १,९९९ रुपये खोटे नव्हते. तेवढ्यात चेहऱ्याजवळच्या मोजक्या बटा आणि केस धुणं, एवढंच बसतं, हे ताईंनी स्वतःहून सांगितलं. संपूर्ण डोक्यावर बटा हव्या असतील तर हिशेब फॉइलवर चालतो. माझ्या केसांना २० फॉइल लागणार होत्या, प्रत्येकी १५० रुपये, म्हणजे ३,०००. टोनर ८००. हेअरकट ४५०. केस धुऊन ब्लो-ड्राय ३५०. एकूण ४,६०० रुपये. हे सगळं त्यांनी एका कागदावर लिहून दिलं आणि बिलही तेवढंच झालं.

हे दर एका गल्लीतल्या एका सलूनचे आहेत. तुमच्याकडे वेगळे असतील. पण रचना बहुतेक ठिकाणी अशीच असते. बोर्डवर मूळ कामाची, तीही आखूड केसांची किंमत असते आणि टोनर, लांबी, धुणं, वाळवणं हे नंतर एकेक करून जोडलं जातं. आमच्या डेस्कवरच्या एका सहकारी मुलीला मॉलमधल्या सलूनमध्ये टोनरची गोष्ट डोक्याला फॉइल लावून झाल्यावर सांगण्यात आली. अर्ध्या डोक्याला ब्लीच लावलेला माणूस घासाघीस कशी करणार? त्यामुळे खुर्चीत बसण्याआधी एकच प्रश्न विचारायचा : “टोनर, धुणं आणि वाळवणं धरून एकूण किती?” उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर मागून घेतलं तर आणखी बरं.

बिलातला कर हाही एक मुद्दा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सलूनच्या सेवांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. त्यानंतरच्या बिलात केस कापण्या-रंगवण्यावर १८ टक्के लावले असतील तर विचारा. ज्या सेवा-व्यावसायिकाची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत आहे त्याला जीएसटी नोंदणी सहसा बंधनकारक नसते, आणि नोंदणी नसेल तर तो ग्राहकाकडून हा कर घेऊच शकत नाही. बिलावर जीएसटी क्रमांक नाही, पण ‘टॅक्स’ म्हणून रक्कम आहे, असं दिसलं तर ती रक्कम तुमच्या खिशातून उगाच गेली.

हायलाइट म्हणजे रंग लावणं नव्हे

सगळा घोळ इथे होतो. आपण ‘कलर करून घेतला’ म्हणतो, पण काळ्या केसांवर हायलाइट करताना आधी रंग काढला जातो. केसाचा काळेपणा मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे असतो. ते केसाच्या आतल्या भागात, प्रथिनांच्या तंतूंमध्ये बसलेलं असतं. बाहेरून कौलांसारखे एकावर एक चढलेले पातळ पापुद्रे त्याचं संरक्षण करतात. त्या काळ्यावर सोनेरी रंग नुसता फासला तर तो दिसणारच नाही. काळ्या पाटीवर पिवळ्या स्केचपेनने लिहिण्यासारखं ते होईल.

म्हणून ब्लीच. पांढऱ्या किंवा निळसर पावडरीत परसल्फेट क्षार असतात. ती पावडर ‘डेव्हलपर’मध्ये म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये कालवली जाते. हे मिश्रण पापुद्रे फुगवून उघडतं, आत शिरतं आणि मेलॅनिनचं ऑक्सिडीकरण करून ते मोडून टाकतं.

डेव्हलपरच्या बाटलीवर १०, २०, ३०, ४० असा आकडा असतो. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी रसायनशास्त्रात हे शिकलो होतो आणि परीक्षेनंतर विसरलो होतो : एक लिटर द्रावणातून किती लिटर ऑक्सिजन सुटू शकतो, तो हा आकडा. २० व्हॉल्यूम म्हणजे सुमारे ६ टक्के पेरॉक्साइड, ३० म्हणजे ९ टक्के, ४० म्हणजे १२ टक्के. आकडा वाढला की काम झपाट्याने होतं आणि केसाचं नुकसानही त्याच झपाट्याने. कारण पेरॉक्साइडला मेलॅनिन आणि केराटिन यांतला फरक कळत नाही. केसाला बळकटी देणारे गंधकाचे बंधही ते तोडत जातं. चांगला कारागीर कमी ताकदीचा डेव्हलपर घेऊन जास्त वेळ थांबतो. “अर्ध्या तासात करून देतो” हे वाक्य ऐकलं की बाटलीवरचा आकडा बघावा.

दुसरी गोष्ट फोटोची. व्यवसायात केसांचा गडदपणा १ ते १० अशा पायऱ्यांनी मोजतात. १ म्हणजे गडद काळा, १० म्हणजे अगदी फिकट सोनेरी. आपल्याकडचे बहुतेक केस १ ते ३ मध्ये येतात. तिथून वर चढताना केस थेट सोनेरी होत नाही. आधी लाल, मग तांबूस-नारिंगी, मग नारिंगी, मग पिवळा आणि सगळ्यात शेवटी फिकट पिवळा, केळ्याच्या सालीच्या आतल्या बाजूसारखा. माझ्या फोटोतली राखाडी झाक यायला केस जवळपास ९व्या-१०व्या पायरीपर्यंत न्यावा लागतो. काळ्या केसाला एका बैठकीत तिथवर नेणं म्हणजे तो तुटायच्या बेताला आणणं.

ताईंनी फोटो बघून एवढंच म्हटलं, “ताई, हिचे केस मुळातच भुरे आहेत, आणि वर फोटोला फिल्टर आहे. तुमच्या केसांना कॅरॅमल शोभेल.” कॅरॅमल, चेस्टनट, तांबूस या छटा ६व्या-७व्या पायरीवर मिळतात. एका बैठकीत जमतात आणि केस हाताला केसासारखे लागतात.

मधेच एक खुलासा, कारण सलूनमध्ये शब्द भराभर येतात. हायलाइट म्हणजे मोजक्या बटा उजळ करणं, लोलाइट म्हणजे मोजक्या बटा गडद करणं, ग्लोबल म्हणजे सगळ्या केसांना एकच रंग. बालायाज हा फ्रेंच शब्द झाडू मारणं या अर्थाच्या क्रियापदावरून आला आहे. त्यात फॉइलमध्ये न गुंडाळता ब्रशने मोकळ्या हाताने ब्लीच ओढतात. आणि आपल्या मावश्या-आत्या ज्याला ‘स्ट्रीक्स’ म्हणायच्या, रबरी टोपीच्या भोकांतून आकड्याने केस बाहेर ओढून केलेल्या, ते हायलाइट्सच.

“मेंदी लावली होती का?”

ताईंचा हा पहिला प्रश्न होता आणि मी बिनधास्त “नाही” म्हटलं. “गेल्या तीन वर्षांत?” असं त्यांनी पुन्हा विचारल्यावर आठवलं. दोन वर्षांपूर्वी, घरात कुणाचं तरी डोहाळजेवण होतं तेव्हा, आईबरोबर मीही ‘काळी मेंदी’ नावाचं तयार पाकीट कालवून लावलं होतं. ते कधीच धुऊन गेलं असणार, असं मी म्हटलं.

इथे साधं गणित कामाला येतं. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो. माझे केस मुळापासून टोकापर्यंत ४२ सेंटिमीटर होते. म्हणजे दोन वर्षांत, २४ महिन्यांत, सुमारे ३० सेंटिमीटर नवा केस आला. खालचे १२ सेंटिमीटर तेच जुने, मेंदी लागलेले. लांब केसांचं टोक हा जुना दस्तऐवज असतो. आपण विसरतो, तो विसरत नाही.

शुद्ध मेंदीच्या पानांत लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं. ते केसातल्या प्रथिनाला घट्ट चिकटतं आणि नंतर ब्लीचने सहज निघत नाही. निघालं तरी हट्टी नारिंगी छटा मागे राहते. पण धोका त्या मेंदीचा नाही. मेंदी काळी नसते. तिचा रंग तांबूस-लाल असतो. पाकिटावर ‘काळी मेंदी’ असेल तर त्यात दुसरं काहीतरी मिसळलेलं असतं. बहुधा ते पीपीडी म्हणजे पॅराफिनिलीनडायअमीन हे कृत्रिम रंगाचं रसायन असतं. काही मिश्रणांत धातूंचे क्षार असतात. असे क्षार केसावर बसलेले असताना वर पेरॉक्साइड पडलं तर अभिक्रिया जोरात होते, उष्णता निर्माण होते; फॉइलच्या आत केस अक्षरशः शिजल्यासारखा होऊन हातात येऊ शकतो.

म्हणून ती वाटी. २० व्हॉल्यूम डेव्हलपरमध्ये अमोनियाचे थोडे थेंब, त्यात टोकाचे दहा-बारा केस. काहीच झालं नाही तर उत्तम. मिश्रण गरम झालं, फसफसलं, केसाचा रंग विचित्र झाला किंवा तो ओढल्यावर लिबलिबीत लागला, तर ब्लीच करायचं नाही. आमच्या वाटीला काही मिनिटांनी बाहेरून हात लावला तर ती कोमट झाली होती. ताईंनी ती माझ्या हातात दिली, दुसरं काही बोलल्या नाहीत.

पर्याय दोनच होते. खालचे पाच इंच कापून वरच्या नव्या केसांवर हायलाइट करायचे, किंवा केस तसेच ठेवून हायलाइट्सचा नाद सोडायचा. लग्नात अंबाडा घालायचा, गजरा माळायचा, असं डोक्यात असलेल्या मुलीला पाच इंच म्हणजे थोडे नव्हेत. रात्री आईला फोन केला. ती म्हणाली, “केस काय, वाढतील परत. भाजले तर काय करशील?” ठरलं.

कानामागचा ठिपका कशासाठी?

ब्लीचमध्ये पीपीडी नसतं, पण त्यानंतर लावल्या जाणाऱ्या रंगात किंवा टोनरमध्ये ते किंवा त्याच्या जातीचं रसायन असू शकतं. कायमस्वरूपी रंगाची चाल अशी : लहान आकाराचे रेणू केसाच्या आत शिरतात, पेरॉक्साइडच्या मदतीने एकमेकांना जोडले जाऊन मोठे होतात आणि आतच अडकतात. म्हणून तो रंग धुतला जात नाही. पण या रसायनांची अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाला त्वचेवर पुरळ, खाज, पापण्या आणि चेहरा सुजणं असा त्रास होतो, क्वचित श्वासालाही. “मी दहा वर्षं रंग लावतेय, मला काही होत नाही” हा युक्तिवाद इथे चालत नाही, कारण ही अ‍ॅलर्जी वर्षानुवर्षं वापरल्यानंतरही अचानक सुरू होऊ शकते. जत्रेत किंवा समुद्रकिनाऱ्यावर काळ्या मेंदीचा टॅटू काढून घेतलेला असेल आणि तिथे कधी खाज सुटली असेल, तर विशेष जपावं.

चाचणी सोपी आहे. जो रंग वापरायचा तोच थोडासा कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावायचा आणि ४८ तास थांबायचं. त्वचेची ही प्रतिक्रिया बहुधा उशिरा येते, त्यामुळे “दहा मिनिटं बघू” याला अर्थ नाही. अशा रंगांच्या वेष्टनावर त्वचेला त्रास होऊ शकतो, आधी चाचणी करा, भुवया-पापण्यांना लावू नका, दृष्टी जाऊ शकते, असा इशारा छापणं भारतीय नियमांनुसार बंधनकारक आहे. घरी रंगाचं पाकीट आणतो तेव्हा तो निदान समोर तरी असतो. सलूनमध्ये मिश्रण वाटीत कालवून येतं, त्यामुळे वेष्टन आपल्याला दिसतच नाही. बघायला मागितलं तर त्यात वावगं काही नाही.

‘अमोनिया-फ्री’ या शिक्क्यावरही फार विसंबू नये. अमोनियाचं काम केसाचे पापुद्रे उघडण्याचं. तो नसेल तर बहुतेकदा तेच काम करणारं दुसरं अल्कलीयुक्त रसायन असतं. वास कमी येतो, एवढं खरं. पीपीडी असणं-नसणं याच्याशी त्या शिक्क्याचा संबंध नाही.

खुर्चीतले तीन तास

दोन दिवसांनी कान ठणठणीत होता. आधी कट. बरेच केस कापायचे असतील तर कापणं आधी, हे सरळ आहे; जे केस झाडूने गोळा होणार त्यांना ब्लीच आणि फॉइलचा खर्च कशाला? फक्त टोकं सारखी करायची असतील तर ती शेवटीही करता येतात. “इंच” हा शब्द मात्र सलूनमध्ये फार फसवा आहे. माझे पाच इंच आणि कारागिराचे पाच इंच जुळावेत म्हणून बोटाने दाखवायचं, आणि कोरडे केस किती दिसतात ते धरून दाखवायचं. ओले केस ताणले जातात, वाळल्यावर आखडतात.

मग कपाळापासून मागे वाटण्या. लांब टोकाच्या कंगव्याने बटेतले थोडे केस वर उचलायचे, थोडे सोडायचे, विणल्यासारखे. उचललेले फॉइलवर ठेवून ब्लीच लावायचं आणि घडी घालायची. फॉइल ऊब आणि ओलावा धरून ठेवते. ब्लीच वाळलं की त्याचं काम थांबतं, म्हणून ही घडी. डोक्याजवळची ऊब केसाला लवकर उजळवते, त्यामुळे ब्लीच मुळाला टेकवायचं नाही, थोडी जागा सोडायची. २० फॉइल लावायला पाऊण तास लागला. नंतर दर दहा मिनिटांनी एकेक घडी उघडून ताई केस पुसून बघत होत्या. घड्याळापेक्षा केसाकडे बघणं हे इथलं कसब. एकाच डोक्यावरच्या दोन बाजूंना वेगवेगळा वेळ लागू शकतो. टाळूला चुणचुण चालेल, आग झाली तर लगेच सांगायचं आणि धुवायला लावायचं. सौंदर्यासाठी सोसायचं असतं वगैरे इथे लागू नाही.

धुताना एक काळजी घ्या. बेसिनच्या कडेवर मान मागे टाकून बराच वेळ राहिल्यास मानेतल्या रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात झाल्याची प्रकरणं वैद्यकीय साहित्यात नोंदली आहेत. १९९३ मध्ये एका अमेरिकी न्यूरॉलॉजिस्टने त्याला ‘ब्युटी पार्लर स्ट्रोक’ असं नावही दिलं. प्रकार दुर्मीळ आहे, उपाय फुकटचा : मानेखाली घडी केलेला टॉवेल मागायचा आणि चक्कर आली तर उठायचं.

धुतल्यावर आरशात पाहिलं आणि पोटात गोळा आला. बटा चक्क नारिंगी. फोटो काढून मैत्रिणीला पाठवण्याच्या बेतात होते. पण हे अपेक्षितच होतं. ब्लीचने केस जिथवर आणला तिथला उरलेला रंग तो. रंगचक्रावर समोरासमोर असलेले रंग एकमेकांना मारतात : निळा नारिंगीला, जांभळा पिवळ्याला. टोनर हेच करतो. निळसर पायाचा टोनर पंधरा मिनिटं ठेवल्यावर नारिंगीचा कॅरॅमल झाला. ज्यांच्या बटा नारिंगी राहतात, त्यांच्याबाबतीत पुष्कळदा ही पायरी गाळलेली असते, किंवा काळ्या केसांना परदेशी व्हिडिओ बघून जांभळा टोनर लावलेला असतो.

ताईंचा खोकला

ब्लीच कालवताना ताईंनी खिडकी उघडली आणि पंखा आमच्याकडून बाहेरच्या बाजूला फिरवला. हातात मोजे होते. चौदा वर्षं या कामात आहेत. आधीची काही वर्षं जिथे नोकरी केली तिथे मोजे ‘फक्त गिऱ्हाईक असेल तेव्हा’ मिळायचे आणि एसीमुळे खिडक्या बंद. पावडर उडाली की आजही त्यांना खोकला येतो.

हे एकट्या त्यांचं दुखणं नाही. ब्लीचमधल्या परसल्फेट क्षारांमुळे केशकर्तन व्यावसायिकांना दमा आणि हातांचा त्वचारोग होऊ शकतो, हे व्यवसायजन्य आजारांच्या अभ्यासात प्रस्थापित आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने केशरचनाकार आणि न्हावी यांच्या कामातला रसायनांचा संपर्क ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवला आहे. स्वतःच्या केसांना रंग लावणाऱ्या ग्राहकाबाबत मात्र पुरावा ठरवण्याइतका पुरेसा नाही, असं म्हटलं आहे. म्हणजे आपण वर्षातून दोनदा त्या खुर्चीत बसतो, त्या माणसाचा रोजचा श्वास तिथला. सलून निवडताना मी आता काचेवरच्या बोर्डाआधी खिडकी आणि मोजे बघते. जिथे कारागिराच्या हातात मोजे नाहीत, तिथे वाटीची चाचणी होण्याची शक्यता किती?

ताईंनी एक गोष्ट विकण्याचा प्रयत्न केला नाही, तीही सांगायला हवी : केरेटिन. अनेक ठिकाणी हायलाइट्सनंतर “केस कोरडे झालेत, केरेटिन करून घ्या” असं सुचवलं जातं. केस सरळ करणाऱ्या अशा काही उत्पादनांतून गरम इस्त्री फिरवताना फॉर्मल्डिहाइड सुटतं, आणि तो सिद्ध कर्करोगकारक आहे. फॉर्मल्डिहाइडऐवजी ग्लायऑक्सिलिक आम्ल वापरणाऱ्या उत्पादनांनंतर मूत्रपिंडाला इजा झाल्याची प्रकरणं अलीकडे वैद्यकीय नियतकालिकांत आली आहेत. नुकत्याच ब्लीच केलेल्या केसांवर आणि डोक्याच्या त्वचेवर त्याच दिवशी हा प्रयोग नको.

घरी आल्यावर

टोनर कायमचा नसतो. महिना-दीड महिन्यात तो उतरतो आणि नारिंगी डोकं वर काढतं. बाजारात जांभळा शाम्पू सहज मिळतो, पण तो पिवळेपणावरचा आहे. आपल्या केसांच्या नारिंगीला निळा शाम्पू लागतो. टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्यातले क्षार आणि धातू हायलाइट केलेल्या केसांवर बसून रंग मळका करतात. सोसायटीत उन्हाळ्यात टँकर लागत असेल तर शेवटचा तांब्या तरी फिल्टरच्या पाण्याचा घ्यावा. पोहायला जाणाऱ्यांचे सोनेरी केस हिरवट होतात, ते क्लोरीनमुळे असं आपण समजतो. खरा दोषी पाण्यातलं तांबं.

आणि खोबरेल तेल. मुंबईतल्या संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात खनिज तेल, सूर्यफूल तेल आणि खोबरेल यांची तुलना केली होती. धुण्याआधी लावलेल्या खोबरेलाने केसातल्या प्रथिनांची झीज कमी झाली, ब्लीच केलेल्या केसांतही. बाकी दोघांनी नाही. हे संशोधन खोबरेल विकणाऱ्या कंपनीच्याच लोकांनी केलेलं होतं, हे लक्षात ठेवून ते वाचावं. आजी मात्र ते न वाचताच बरोबर निघाली. माझ्या बटा बघून तिने विचारलं, “एवढ्या लवकर पिकले?” आणि तेलाची वाटी पुढे केली.

बिघडलंच तर?

२०१८ मध्ये दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलच्या सलूनमध्ये सांगितल्यापेक्षा फारच आखूड केस कापल्याची तक्रार एका मॉडेलने केली होती. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२१ मध्ये तिला दोन कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला, त्याची देशभर बातमी झाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेवेत त्रुटी होती या निष्कर्षाला हात लावला नाही, पण भरपाईची रक्कम रद्द करून प्रकरण आयोगाकडे परत पाठवलं. कारण साधं होतं : नुकसान किती झालं, याचा पुरावा हवा.

आपल्यासारख्या ग्राहकाचा हिशेब काही हजारांचा असतो, पण नियम तोच. आधीचा आणि नंतरचा फोटो, ठरलेल्या रकमेचा मेसेज, बिल आणि त्वचेला त्रास झाला असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी, एवढं जवळ हवं. आधी सलूनशी लेखी बोला. नारिंगी राहिलेल्या बटांना पुन्हा टोनर लावून देणं बरेच जण मान्य करतात. नाही जमलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथेही तोडगा निघाला नाही तर जिल्हा ग्राहक आयोग : सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, तक्रार ई-जागृती पोर्टलवरून करता येते आणि मुदत घटनेपासून दोन वर्षं. केस जळालेले असतील तर मात्र त्याच दिवशी त्याच सलूनमध्ये ‘दुरुस्ती’साठी दुसरं ब्लीच करून घेऊ नका. चेहरा सुजला किंवा श्वास लागला तर फोटो-बिल नंतर, आधी दवाखाना.

निघताना ताईंनी एक जाडजूड वही काढली. तारीख, २० व्हॉल्यूम, फॉइल २०, पस्तीस मिनिटं, टोनरचा क्रमांक, पंधरा मिनिटं. त्यापुढे एक रकाना होता, ‘मेंदी’. त्यात त्यांनी ‘होती, कापली’ असं लिहिलं, आणि मी त्या पानाचा फोटो काढून घेतला.